मयताचं पाणी

आमच्या गावात माणूस मेला की पहिला निरोप नातेवाइकांना जात नसे, पाणी सोडणाऱ्या आबांना जाई. बाहेरच्याला हे ऐकून हसू येतं. माझ्या धुळ्याच्या भावालाही आलं होतं, तेव्हा मी त्याला म्हटलं, तुमच्याकडे हसायला तरी पाणी आहे, आमच्याकडे पाचव्या-सहाव्या दिवशी नळ येतो. गावाचं नाव मी सांगत नाही. जळगाव आणि धुळे यांच्या मधलं, पारोळ्याहून एसटीने फार लांब नाही, एवढं पुरे.

मी इथल्या नगरपालिकेत, पाणीपुरवठा विभागात लिपिक आहे. नवरा याच विभागात होता. तो गेला आणि अनुकंपेवर मला त्याची खुर्ची मिळाली. तेव्हा पोरगी पाळण्यात नव्हती, पण शाळेतही नव्हती. तो गेला ते भर उन्हाळ्यात. जळगावहून, पाचोऱ्याहून, धुळ्याहून माणसं आलेली, घरात ड्रमच्या तळाशी दोन बोटं पाणी, आणि आमच्या गल्लीची पाळी अजून तीन दिवसांवर. मला त्या दिवसातलं फारसं काही आठवत नाही. एवढं आठवतं, की पुरुष माणसं अमरधामहून परत फिरली आणि दारातला नळ फुसफुसला, खोकला, आणि धो धो वाहायला लागला. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या. कुणी तरी माझ्याही डोक्यावर दोन तांबे ओतले. तेव्हा मी पहिल्यांदा मोठ्याने रडले.

याला गावात मयताचं पाणी म्हणत. आबा दुसरं काही विचारत नसत. "कितला वाजता काढतस? घरमा टाकी शे का?" बस, दोन प्रश्न. मग ती लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलच्या नळीला बांधून निघायचे, गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलून व्हॉल्व्ह फिरवायचे आणि अर्धा तास तिथेच उकिडवे बसायचे. अर्धा तास झाला की बंद. मुसलमान मोहल्ल्यात मयताला आधी अंघोळ घालतात, तिथे पाणी आधी. व्यापाऱ्यांच्या गल्लीत घरोघरी मोठाल्या टाक्या, तिथे खरं तर गरज नसे, पण निरोप तिथूनही यायचा, कारण आबांना सांगितलं नाही तर मयताला काही कमी राहिलं असं वाटायचं. बुद्ध विहारामागच्या वस्तीत पाइप उंचावर, तिथे दोन आटे जास्त. आणि त्या दिवशी त्या घरचा चहाचा घोटसुद्धा ते घेत नसत.

आता खोटं कशाला बोलू, गल्लीला याचा फायदा व्हायचा. एकाच्या घरचं पाणी म्हणजे साऱ्या गल्लीचं पाणी. तिरडी कोपऱ्यावरून वळली की बायका डोळे पुसत पुसत हंडे नळाखाली लावायच्या. मी पण लावलेत. मेलेल्याला कळत नाही आणि जित्याला तहान लागते.

मग राज्याचा नवा कायदा आला. पालिकांनी चालवलेलं पाणी आणि दिवाबत्ती, दोन्हींवर. आधी मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर जाडजूड परिपत्रक आलं, मग त्याचे खुलासे, मग खुलाशांचे खुलासे. मी वाचून काढलं सगळं, आमच्या विभागात मी सोडून दुसरं कोण वाचतंय? मला त्यात वाईट काही दिसलं नाही. मोटारीवर चालणारे व्हॉल्व्ह बसणार, गल्लीगल्लीचं वेळापत्रक ठरणार, मीटर लागणार, चोरून मोटारी लावणारे सापडणार. नगरसेवकाच्या दारात रोज पाणी आणि विहारामागे आठवड्याने, हे बंद होणार. बंद व्हायलाच हवं होतं. मी तर टेबलावर हात आपटून म्हटलं, देर आये दुरुस्त आये.

एकच कलम होतं, जे मी तीन वेळा वाचलं. वेळापत्रकाबाहेर पाणी सोडणं म्हणजे अनधिकृत वितरण, आणि सोडणारा कर्मचारी त्याला व्यक्तिशः जबाबदार. त्याच परिपत्रकाला एक नमुना जोडलेला होता. प्रत्येक पाणी सोडणाऱ्याने आणि दिवाबत्तीच्या वायरमनने मागच्या काळाची माहिती भरून द्यायची. शेवटचा रकाना होता: वेळापत्रकाबाहेर सेवा दिली असल्यास तपशील व कारण, स्थानिक प्रथा असल्यास नमूद करावी.

स्थानिक प्रथा असल्यास नमूद करावी! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. मला वाटलं, वर कुणी तरी शहाणा माणूस बसलाय. त्याला माहीत आहे की गावागावात काही रीत असते. आपण लिहून दिलं की ती कागदावर येणार, कागदावर आली की नियमात बसणार, आणि आबांच्या मागे जो कुणी येईल त्यालाही मयताचं पाणी सोडावं लागणार. इतकी वर्षं सरकारी कागदांत काढून माझी ही अक्कल.

आमच्या वायरमनने तो नमुना दोन मिनिटांत भरला. या माणसाने रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून लग्नाच्या मांडवांना लाइट दिली होती, मंडळांना दिली होती, एका पिठाच्या गिरणीलाही दिली होती, आणि फुकट दिली नव्हती. त्याने रकान्यात एक शब्द लिहिला, निरंक, आणि सही ठोकली. मी हसले तर म्हणाला, "ताई, तुम्हीही ना! असल्या कागदावर खरं लिहायचं असतं का? निरंक लिहायचं आणि घरी जायचं."

मी त्याला म्हटलं, तुझ्यासारख्यांमुळेच कायदे करावे लागतात.

आबांच्या सेवापुस्तकात एकही लाल शेरा नव्हता. ते सेवापुस्तक माझ्याच कपाटात असायचं, म्हणून मला ठाऊक. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं आणि त्या महिन्यांबद्दल ते एकच बोलायचे, "माले बिनडाग घर जावानं शे, बस." बाकी सत्कार, शाल, नारळ, कशाचीच हौस नव्हती. त्यांच्या वडलांना पालिकेतून डाग लागून काढलं होतं म्हणे, सफाईच्या कामावर असताना, कुणा दुसऱ्याच्या चुकीसाठी. त्यामुळे हा माणूस आयुष्यभर त्या एका लाल शाईला भीत आला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना समोर बसवलं. ते सही सोडून काही लिहू शकत नव्हते, म्हणून त्यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. त्यांना तारखा आठवत नव्हत्या, माणसं आठवत होती. अमक्या गल्लीतली म्हातारी, डाळमिलवाल्याचा थोरला भाऊ, दवाखान्यातून आणताना रस्त्यातच गेलेली बाळंतीण. कोणत्या घरचं रडणं किती लांब ऐकू आलं तेही आठवत होतं. मी महिना विचारायची, ते म्हणायचे, कापूस वेचणी चालू होती. मी पावतीपुस्तकं आणि मृत्यूनोंदी काढून तारखा जुळवायची. हे कुणी मागितलं नव्हतं. मीच हौसेने केलं. दोन दुपारी गेल्या, नमुन्यातला रकाना पुरेना म्हणून पुरवणी कागद जोडले, मार्जिन आखलं, अनुक्रमांक घातले.

दुसऱ्या दुपारी त्यांनी एकदा माझा हात थांबवला. "ताई, हाई लिखनं जरूरी शे का? मरेल मानूसना पानीना हिसाब कोनी ठेवस का?"

मी वैतागले. माझा स्वभावच तसा, कुणी माझ्या चांगल्या कामात पाय घातला की मस्तक फिरतं. मी म्हटलं, "आबा, तोंडी गोष्ट हवेत जाते. लिहिलेलं टिकतं. उद्या तुम्ही घरी बसाल, मग या गावाने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? लिहिलेलं असलं की कुणाच्या बापाला नाही म्हणता येणार नाही."

शिकलेल्या बाईपुढे ते नेहमीच माघार घेत. म्हणाले, "तू सांगस तं लिख." आणि मी लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी न वाचता सही केली आणि कागद जळगावला गेले.

तीन-चार महिने काहीच आलं नाही. सरकारी काम आणि सहा महिने थांब, मी निर्धास्त होते. मग एक लिफाफा आला, टपालाचं काम माझंच म्हणून मीच फोडला. कारणे दाखवा नोटीस, आबांच्या नावे. अनधिकृत वितरण, वारंवार, अनेक वर्षे, हेतुपुरस्सर. आणि पुरावा म्हणून जोडपत्र. मी पान उलटलं. माझं अक्षर. माझं मार्जिन, माझे अनुक्रमांक, माझ्या सुवाच्य अक्षरात एकेक मयत. प्रत्येक नोंदीसमोर कुणी तरी लाल पेनने टिक केली होती. एक नोंद, एक आरोप.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. पण हात माझा होता आणि अवलक्षण त्यांचं झालं.

मी जळगावच्या कार्यालयात फोन लावला. स्थानिक प्रथा नमूद करा असं तुम्हीच लिहिलंय, म्हटलं. तिकडचा बाबू म्हणाला, हो मॅडम, नमूद करायला सांगितलंय, माफ करू असं कुठे लिहिलंय? तो उद्धटपणे बोलला नाही, उलट समजावून सांगत होता. सगळ्या जिल्ह्यातून निरंकच आलं, म्हणाला, तुमच्या एकट्याकडूनच एवढा तपशील आला. कारवाई दाखवायची तर कुणावर दाखवणार?

मी आबांना सांगितलं तेव्हा ते पंपहाउसच्या पायरीवर तंबाखू चोळत होते. मी नोटीस त्यांना वाचून दाखवली. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग विचारलं, "लाल शेरा येई का?" मी म्हटलं, नाही येऊ देणार. मीच लिहिलंय, मीच जाऊन सांगते, साहेबांना सगळं समजावते.

आणि मी सांगणारच होते. देवाशप्पथ सांगणार होते.

पण वायरमनने मला कोपऱ्यात घेतलं. या माणसाचा मला राग येतो, तरी त्या दिवशी तो खोटं बोलत नव्हता. म्हणाला, "ताई, नोटिशीचं शेवटचं पान वाचलं का?" नव्हतं वाचलं. शेवटी लिहिलं होतं, की कार्यालयातल्या अन्य कुणाला या प्रकाराची माहिती असून त्याने ती वेळीच कळवली नसेल, तर तोही तितकाच जबाबदार धरला जाईल. म्हणजे ज्याने लिहून दिलं, त्याला माहीत होतं. ज्याला माहीत होतं, तो आत. माझी नोकरी अनुकंपेची, पोरगी जळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. मी ते पान घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

चौकशीला जळगावहून अधिकारी आले. तरुण होते, नीट बोलणारे, चहाला नको म्हणणारे. मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये बसले. त्या दिवशी लाइट गेली होती, कॉम्प्युटर बंद, प्रिंटर बंद. जबाब हाताने लिहून घ्यावा लागणार. मुख्याधिकारी म्हणाले, आमच्या बाईंना बोलवा, त्या झरझर लिहितात.

अशी मी त्या खोलीत गेले. साहेबांच्या डाव्या हाताला खुर्ची, समोर कोरे कागद. आबा समोर उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. इस्त्रीचा सदरा घातला होता, घड्या अंगावर उभ्या राहिल्या होत्या.

साहेबांनी एकेक विचारलं. पाणी सोडलं का? सोडलं. कुणाच्या आदेशाने? कुनाच्या नही. मोबदला घेतला का? आबांनी एवढ्या एकाच प्रश्नाला मान वर केली आणि म्हणाले, "मयतना घरना मी चहा बी पेत नही, साहेब." मी लिहिलं: मोबदला घेतलेला नाही.

मग साहेबांनी जोडपत्र उचललं. पानं चाळली. "हे अक्षर कुणाचं?"

माझं पेन थांबलं. लाइट नसल्याने पंखा बंद होता, घामाने माझी बोटं कागदाला चिकटत होती. आता बोल, मी स्वतःला म्हणत होते. आता, या क्षणाला बोल, नंतर बोलून उपयोग नाही. माझं तोंड उघडलंही असेल.

आबा म्हणाले, "अक्षर मनंच शे, साहेब."

"तुमचं? एवढं सुरेख?"

"हो. शाळामा शिकेल शे मी."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा बाई. सदर नोंदी माझ्या हस्ताक्षरात असून त्या मी स्वतः लिहिल्या आहेत."

आणि मी ते लिहिलं. त्याच अक्षरात. जोडपत्र साहेबांच्या उजव्या हाताला पडलं होतं आणि माझा कागद डाव्या हाताला, मध्ये एक वीत अंतर. तेच वळण, तोच ल, तीच वेलांटी. आंधळ्यालाही दिसलं असतं. साहेबांना दिसलं की नाही, मला आजही माहीत नाही. माझ्या मनात येतं, त्यांना दिसलं असणार, आणि त्यांनाही एकच माणूस हवा होता, दोन नकोत.

जबाब वाचून दाखवला. मी कागद आबांपुढे सरकवला आणि पेन दिलं. त्यांनी सही केली. एकेक अक्षर थांबून थांबून, मधे पेन उचलून, शेवटची रेघ ओळीच्या खाली गेली. माझ्या सरळ ओळींखाली ती सही. साहेबांनी बघितली, म्हणाले, ठीक आहे, आणि कागद फायलीत घातला.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. आबा, मी आत जाते, सांगून टाकते, असं काही तरी बडबडले. ते सायकलचं कुलूप काढत होते. "तुनी पोर शिकी ऱ्हायनी," म्हणाले. "मी तं चालनूच." मी पुन्हा म्हटलं, जाते मी आत. त्यांनी अडवलं नाही. केबिनचा दरवाजा आठ पावलांवर होता, उघडाच होता. मी गेले नाही.

सक्तीची सेवानिवृत्ती झाली, चार महिने बाकी असताना. सेवापुस्तक माझ्याच कपाटात, आणि शेरा लिहायचं कामही माझंच. आस्थापनेकडून मजकूर आला, मी लाल पेन काढलं आणि उतरवून घेतला. दुसऱ्या कुणाला सांगता आलं असतं का? आलं असतं. पण का नाही लिहीत म्हणून विचारलं असतं, तर काय सांगणार होते?

आता मोटारीचे व्हॉल्व्ह बसलेत. मोबाइलवरून उघडतात. नगरसेवकाच्या दारात आता रोज पाणी येत नाही आणि विहारामागच्या वस्तीला वेळेवर येतं, हेही खरं आहे, ते मी नाकारणार नाही. मयताच्या पाण्यासाठी अर्ज करायची सोय आहे. मृत्यूचा दाखला जोडायचा, मग तीन दिवसांत मंजुरी. तोवर तेराव्याची यादी निघते. लोक टँकर मागवतात, जार मागवतात. आपल्या गल्लीत मेलेल्याचं वाईट वाटण्याआधी पाणी कुठून आणायचं याचीच घाई. लोक विचारतात, बाई, तुम्ही त्या विभागात आहात, काही करा की. मी म्हणते, नियम आहे.

गेल्या महिन्यात मी आबांच्या घरी गेले. इतके दिवस जायचं टाळत होते, मग वाटलं, एकदा त्यांच्या पायावर डोकं ठेवू आणि त्यांच्या बायकोपुढे खरं काय ते सांगू. निदान त्या घराला तरी कळू दे. ते खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. घरी बसल्यापासून बाहेर पडत नाहीत, असं त्यांची बायको, अक्का, म्हणाली. लोकांना वाटतं पैसे खाल्ले असतील, उगाच का काढतं सरकार. मयताला बोलावतात, तरी जात नाहीत.

मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्काच म्हणाली, "ताई, एक गोट सांग. यासले सहीबिगर काईच लिखता येस नही. मंग ते कागदवरनं बठ्ठं कोनी लिखं? तू तं हाफिसमाच व्हती. तुले माहीत व्हई."

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत सांग असंही नव्हतं आणि नको असंही नव्हतं.

मी म्हटलं, "मला नाही माहीत, अक्का."

"ज्यानी लिखं त्याना हात झडी जावोत," ती म्हणाली.

"चूप बस," आबा तिच्यावर ओरडले. मी त्यांना ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "ज्यानी लिखं त्यानी चांगलंच समजीसन लिखं व्हई. जाय, तिले चहा दे."

अक्काने चहा केला, आलं घालून, माझ्यासाठी साखर जास्त टाकून. मी तो सगळा प्यायले. कप विसळायला उठले तर तिने उठू दिलं नाही, माझ्या हातातून कप घेतला आणि म्हणाली, परत ये ताई, तुझ्याशिवाय पालिकेतलं कोणी येत नाही.